पडद्यामागचा पूर्वरंग

नाटक केव्हा सुरू होते, असे कोणी विचारले तर बहुतेक जण सांगतील की, तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला म्हणजे. प्रेक्षकाच्या बाजूने हे उत्तर बरोबरच आहे. परंतु देवळाच्या जत्रेत पडद्याच्या पलीकडच्या बाजूस ज्यांनी एक तरी रात्र काढली आहे, त्यांस ठाऊक असते की, पडदा वर जातो तेव्हा अर्धे नाटक होऊन गेलेले असते. भरतमुनींचे मत याहून निराळे नाही. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची जी अंगे सांगितली आहेत, त्यांपैकी पहिली नऊ अंगे पडद्याच्या आत करावयाची आहेत. वाद्ये आणून जागच्या जागी मांडणे याला तेथे प्रत्याहार म्हटले आहे. गाणाऱ्यांनी आपापल्या जागी बसणे म्हणजे अवतरण. मग गळा मोकळा करावयाचा, वाद्ये जुळवावयाची, तारा लावावयाच्या. हे सारे प्रेक्षकांच्या दृष्टीआड व्हावयाचे, आणि तरीही त्याची गणना प्रयोगातच व्हावयाची. ज्याला आपण आज ‘तयारी’ म्हणून बाजूस ठेवतो, त्याला शास्त्रकाराने नाव दिले, क्रम दिला आणि पूजेची योग्यता दिली.

आमच्या नाट्येतिहासाने मात्र पडद्याच्या पुढेच आसन मांडले. कोणत्या नटाने कोणती भूमिका गाजविली, कोणत्या पदाला किती वेळा ‘वन्स मोअर’ मिळाला, हे आम्हांस पाठ असते. त्याच रात्री मुकुट कोणी चिकटविला, बत्ती कोणी पेटविली, पडद्याचा दोर कोणाच्या हाती होता, हे विचारले तर आम्ही निरुत्तर होतो. प्रस्तुत लेखात या विस्मृत बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम शास्त्राकडेच पाहू. भरतांनी मध्यम आकाराच्या लांबट नाट्यगृहाचे माप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे दिले आहे. त्याचे दोन सारखे भाग करून पुढचा भाग प्रेक्षकांस द्यावयाचा. मागच्या भागाचे पुन्हा दोन भाग करून एकात रंगभूमी आणि अगदी पाठीमागच्या भागात नेपथ्यगृह. म्हणजे सबंध वास्तूचा चौथा हिस्सा जे दिसणार नाही त्यासाठी राखून ठेवलेला. या नेपथ्यगृहास दोन दारे, आणि त्या दारांच्या मध्ये वादकांची बैठक. वेशभूषेच्या प्रकरणातील सूचना वाचल्या म्हणजे त्या लिहिणाऱ्याने नटांचे श्रम जवळून पाहिले होते याविषयी संशय उरत नाही. शस्त्रे लोखंडाची करू नयेत, गवत, वेळूच्या कामट्या, लाख अशा हलक्या वस्तूंची करावीत. अलंकार जड असू नयेत, कारण त्यांच्या भाराने नट थकून मूर्च्छित होईल, असा इशारा तेथे आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नाट्यशास्त्राच्या अखेरच्या भागात नाटकमंडळीतील माणसांची गणना आहे. तीत सूत्रधार, नट आणि विदूषक यांच्याच पंक्तीला मुकुट करणारा, अलंकार घडविणारा, माळा गुंफणारा, वेष सजविणारा, चित्रकार आणि वस्त्रे धुणारा-रंगविणारा परीट हेही बसविले आहेत. आमच्या विवेचनाचा हाच आधार आहे. ज्याने नाट्याला पाचवा वेद म्हटले, त्याने परिटाला नाटकमंडळीच्या बाहेर ठेवले नाही.

शास्त्राचा धागा आमच्या भागात कितपत अखंड राहिला हा वादाचा विषय होईल. पण दक्षिण कोकणात आणि गोमंतकात देवळांच्या आश्रयाने जी नाटके शतकानुशतके होत आली, त्यांत पडद्यामागील कामाची प्रतिष्ठा निराळ्या रूपाने टिकली, असे आम्हांस दिसते. दशावतारी काल्याचेच उदाहरण घ्या. या मंडळींचा सारा संसार एका पेटाऱ्यात मावतो. त्यात गणपतीचा मुखवटा, मुकुट, वस्त्रे आणि शस्त्रे असतात. पेटारा म्हणजे मंडळींचे देवघर. देवळाच्या ओसरीवर तो उतरला की आधी त्याची पूजा, मग रंगाला हात. रंगभूषा करणारा स्वतंत्र माणूस येथे नसतो. प्रत्येक नट भिंतीला आरसा टेकून, दिव्याच्या उजेडात स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवितो, आणि ते करताकरता त्या रात्रीचे आख्यान कसे चालवावयाचे याची बोलणी होतात. कारण संवाद लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा ठरतो आणि बाकीचे रंगणात उभे राहून रचावयाचे असते. मग गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, काळ्या वेषातला संकासुर अशी आडदशावताराची मंडळी येऊन जातात, आख्यान रात्रभर चालते आणि पहाटे दहीहंडी फुटून काला होतो. येथे रंगपट आणि तालीमखाना एकच, आणि दोन्ही देवाच्या ओसरीवर.

१८४३ साली, नोव्हेंबरच्या ५ तारखेस, विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा त्यांच्यापुढे उत्तर कानड्यातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांचा नमुना होता. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी समयोचित भाषण करावयाचे. राक्षसांच्या आरोळ्यांवरून पुढच्या पिढीने या नाटकांस ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव दिले. परंतु थट्टा करणारांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. ज्या खेळात संवाद लिहिलेला नाही, त्यात पात्राची ओळख आधी वेषाने पटवावी लागते. राम कोण आणि रावण कोण हे पहिल्या शब्दापूर्वी कळले पाहिजे. तेव्हा या नाटकांचे निम्मे लेखन रंगाच्या वाटीत आणि कपड्यांच्या पेटीत झालेले होते.

पुढे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे सुपुत्र अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली, ऑक्टोबरच्या ३१ तारखेस, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला, आणि पडद्यामागची दुनिया पालटली. आता संहिता लिहिलेली होती, तेव्हा प्रत्येक नटासाठी त्याच्या भाषणाची नक्कल उतरवून काढणारा पाहिजे झाला. विंगेत पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर पाहिजे झाला. राजवाडा, अरण्य, रस्ता असे रंगविलेले पडदे आले, त्यांबरोबर कप्प्या, दोर आणि ते ओढणारी माणसे आली. १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. त्यातील सुभद्रेच्या भूमिकेने गाजलेले भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. गंधर्व नाटक मंडळीसही पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. इंदूर असो की हैदराबाद, मराठी वस्ती जेथे जेथे होती तेथे तेथे या कंपन्यांचे मुक्काम पडत. मुक्काम हलविणे म्हणजे एक लहानसे गाव हलविणे. वेळूला गुंडाळलेले पडदे, कपड्यांच्या ट्रंका, टोप आणि गंगावने, तबले-पेट्या, स्वयंपाकाची भांडी, आणि या सर्वांचा हिशेब ज्यांच्या डोक्यात असे ती माणसे. त्यांची नावे जाहिरातीत कधी आली नाहीत.

पडद्यामागच्या कलेची थोरवी किती, याचा एक पुरावा कोल्हापूरने दिला. तेथील आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी पुढे चित्रपटाकडे वळून १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. म्हणजे मराठी चित्रपटाच्या एका थोर शाखेचे मूळ नाटकाच्या मागच्या पडद्यात सापडते. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस स्थापन केलेल्या ‘ललितकलादर्श’नेही बापूराव पेंढारकरांच्या काळात चित्रकार पु. श्री. काळे यांच्या कुंचल्याने देखाव्यांचे स्वरूप बदलून टाकले.

१९११ सालच्या मार्च महिन्याच्या १२ तारखेची गोष्ट सर्वश्रुत आहे. मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली. तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. त्यांच्या निष्ठेचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे आणि ते यथार्थ आहे. आम्ही त्यात एवढेच जोडू इच्छितो की, अशा रात्री नट एकटा उभा राहत नाही. ज्याच्या काळजाला घाव बसला आहे, त्याच्यापुढे वस्त्रे वेळेवर ठेवणारी, नेमक्या क्षणी पडदा वर घेणारी, आणि काही न बोलता आपले काम चोख करणारी माणसे पाठीशी असावी लागतात. त्यांचे मौन हाही त्या प्रयोगाचा भाग होता.

आता गोमंतकाकडे वळू. सोळाव्या शतकात येथील देवळांवर संकट आले तेव्हा कुशस्थळीचा श्रीमंगेश, केळोशीची श्रीशांतादुर्गा आणि मडगावचा श्रीदामोदर यांस भक्तांनी अनुक्रमे मंगेशी, कवळे आणि जांबावली येथे नेले. देव एका गावी आणि कुळावी दुसऱ्या गावी, अशी स्थिती झाली. पुढे पोटापाण्यासाठी माणसे मुंबई, बेळगाव, कारवारकडे पांगली, तेव्हा हे अंतर आणखी वाढले. अशा समाजास वर्षातून एकदा एकत्र आणणारा प्रसंग म्हणजे जत्रा, आणि जत्रेत सर्वांस काही ना काही काम देणारा प्रसंग म्हणजे नाटक. जांबावलीच्या शिगम्यात मठग्रामस्थ, म्हणजे मडगावकर मंडळी, दामोदरापुढे नाटके करीत आली, त्यामागचा भाव हाच. ‘सेवा रुजू करणे’ हा शब्दप्रयोग गोव्यातील हौशी नट आजही करतात. दीनानाथ मंगेशकर १९०० साली मंगेशीस जन्मले आणि १९१८ साली बळवंत संगीत मंडळीच्या स्थापनेत सहभागी झाले. त्यांच्या मातोश्री येसूबाई मंगेशाच्या सेवेतील कलावंत होत्या. देवळाच्या छायेत वाढलेल्या कलेने मराठी रंगभूमीस काय दिले, हे सांगावयास एवढे एक घराणे पुरे आहे.

जत्रेचे नाटक उभे कसे राही, ते थोडक्यात सांगतो. नारळ फोडून तालमीस आरंभ होई. दिवसाची कामे आटोपून, जेवणे झाल्यावर, देवळात किंवा कोणाच्या सोप्यावर तालीम चाले. प्रयोगाच्या आधी मंडप पडे. पोफळीचे खांब, वर माडाची चुडते, पाठीमागे रंगपटासाठी आडोसा. अग्रशाळा जवळ असली तर तिच्यातली एक खोली. दागिने आणि उंची लुगडी गावच्या घरांतून येत. ज्या घरचा शालू नायिकेच्या अंगावर असे, त्या घरची माणसे नाटक निराळ्याच डोळ्यांनी पाहत. स्त्रीभूमिका पुरुष करीत, तेव्हा त्यांची तयारी सर्वांत आधी सुरू होई, कारण दाढी गुळगुळीत करून, गंगावन बांधून, नऊवारी नेसवून होईपर्यंत दोनतीन तास सहज जात. नेसविणाऱ्याचा हात सराईत नसला तर तिसऱ्या अंकापर्यंत निऱ्या टिकत नसत.

रंगाची पेटी उघडली म्हणजे तीत सफेदा, पिवडी, हिंगूळ, हरताळ, मुरदाडशिंग आणि काजळ ही द्रव्ये असत. खोबरेल तेलात किंवा पाण्यात ती खलून चेहऱ्यास लावीत. यांपैकी मुरदाडशिंग शिशापासून होते, हिंगुळात पारा असतो आणि हरताळात सोमल. रसशास्त्रात ही द्रव्ये शोधनावाचून वापरू नयेत असे सांगितले आहे. पण रंगपटात ती वर्षानुवर्षे तोंडाला फासली गेली. प्रेक्षकांस देवाचे तेज दिसे, ते ज्या कातडीवर चढविलेले असे तिला जाचही सोसावा लागे. रंग देणाऱ्याची बोटे तर दर प्रयोगाला त्यातच बुडालेली. आजचे रंग त्या मानाने पुष्कळ निर्धोक आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

प्रकाशाची कथाही अशीच आहे. आरंभी दिवट्या होत्या. दिवटी धरणारा रात्रभर उभा राही, तेल घाली, काजळी झाडी. पुढे गॅसबत्त्या आल्या. १९६१ च्या मुक्तीनंतर खेडोपाडी वीज पोचू लागेपर्यंत गोव्यातील बहुतेक जत्रांची नाटके याच बत्त्यांवर झाली. बत्तीचे तंत्र विलक्षण नाजूक. जाळी धक्क्याने विरून जाई, हवा कमी झाली की उजेड तांबूस होई. बत्तीवाल्यास नाटकाची गती पाठ असावी लागे, कारण नायिकेचे पद ऐन रंगात असताना पंप मारण्याचा आवाज होता कामा नये. तेव्हा तो टाळ्यांची वाट पाही आणि टाळ्यांच्या आवाजात आपले काम उरकून घेई. संगीताची जाण असलेला असा कारागीर गावोगाव असे. त्याला कोणी कलावंत म्हटले नाही.

सर्व तयारी झाली की रंगपटात गणपती आणि नटराज यांची पूजा होई. नाट्यशास्त्राचा तिसरा अध्याय सबंध रंगदैवतांच्या पूजेसाठी खर्ची पडला आहे, त्याचे हे लोकरूप. गावचा जाणता पुरुष गाऱ्हाणे घाली: देवा, तुझ्या लेकरांनी खेळ मांडला आहे, चुकले माकले पदरात घे. नारळ फुटे, प्रसाद वाटला जाई, लहान नट वडील नटांच्या पाया पडत. रंगभूमीस हात लावून तो कपाळी नेल्यावाचून कोणी पुढे जात नसे. मग पहिली घंटा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गाऱ्हाणे ‘सर्व लेकरां’च्या वतीने घातले जाई; परंतु ज्यांच्या हातांनी हे सारे उभे राही, त्या सर्वांस त्या पूजेत उभे राहण्यास जागा होतीच असे नाही. मंडप घालणारे, चुडते आणणारे, दिवट्या धरणारे, वाद्ये वाजविणारे यांत अनेक जण असे होते की, त्यांस देवळाच्या सभामंडपात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्यांचा प्रकाश आत चाले, त्यांचे श्रम आत चालत, ते स्वतः बाहेर. पुष्कळ गावांत घरंदाज स्त्रियांचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. त्यांनी लुगडी दिली, दागिने दिले, झालरी शिवल्या, रात्री जागणाऱ्या मंडळींसाठी चुली पेटत्या ठेवल्या. रंगपटाची पायरी मात्र त्यांस चढता येत नसे. आणि ज्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी गायन-नर्तनाने देवाचे उत्सव शोभविले, त्यांची कला समाजाने डोक्यावर घेतली, त्यांस मात्र मान देताना हात आखडला. भरतांनी परिटास आणि माळ्यास नाटकमंडळीत मोजले होते. आम्ही त्यांचे शास्त्र प्रमाण मानीत आलो, पण त्यांची पंक्ती मोडली. देवळांची दारे आता कायद्याने सर्वांस खुली आहेत. स्मरणाचे दार उघडणे मात्र कायद्याच्या हाती नाही. ते आपल्याच हाती आहे.

आज जत्रेच्या नाटकाला कपडेपट, पडदे, दिवे, ध्वनी हे सारे भाड्याने मिळते. कंत्राटदाराची गाडी दुपारी येते, संध्याकाळी रंगमंच उभा असतो, पहाटे मोकळा होतो. याबद्दल निव्वळ हळहळ करण्यात अर्थ नाही. विजेने दिवटीवाल्याचे उभे राहणे संपविले, निर्धोक रंगांनी नटाची कातडी वाचविली, आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करावयाचा प्रघात पडल्याने रंगपटाची पायरीही त्यांस मोकळी झाली. परंतु पूर्वी पन्नास घरांचा हात लागल्यावाचून नाटक उभे राहत नसे, आणि त्या पन्नास घरांना ते आपले वाटे; ही गोष्ट भाड्याने मिळत नाही. मुंबईहून सुटी काढून आलेला तरुण जेव्हा पडद्याचा दोर ओढी, तेव्हा तो त्या दोराने आपल्या गावाशी बांधला जाई. आता तो पुढच्या खुर्चीवर बसून नाटक पाहतो. पाहुणा म्हणून येतो आणि पाहुणा म्हणून परत जातो.

यावर उपाय काय? जुनी साधने परत आणावीत असे आमचे म्हणणे नाही. आमची मागणी लहान आहे. देवस्थानांच्या जुन्या वह्या, उत्सवांच्या पत्रिका, नाटकांच्या हस्तलिखित नकला अजून कोठे कोठे फडताळांत पडून आहेत. त्याहून मोलाची साधने म्हणजे वृद्ध माणसे. गॅसबत्ती पेटविलेले, पडदे ओढलेले, नऊवारी नेसविलेले हात अजून आपल्यांत आहेत, परंतु ते दिवसेंदिवस थोडे होत आहेत. प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी आणि उत्सवसमितीने आपल्या गावच्या नाटकाचा वृत्तांत लिहून ठेवावा, आणि तो लिहिताना नटांच्या नावाखाली थांबू नये. रंग कोणी दिला, पेटी कोणी वाजविली, मंडप कोणाच्या घराण्याने घातला, बत्ती कोण सांभाळी, लुगडी कोणत्या घरून येत, हेही त्यात यावे. जात, घर, स्त्री-पुरुष असा भेद न करता यावे. आणि पुढच्या जत्रेत तरुणांकडे रंगपटातील एखादे काम, मग ते कितीही लहान असो, आवर्जून सोपवावे.

रंगदैवतांची पूजा केल्यावाचून जो प्रयोग करील त्यास हानी होईल, असे भरतांनी बजावले आहे. ज्या हातांनी ती पूजा शक्य केली, त्यांचे स्मरण न ठेवणे हीसुद्धा पूजेतली उणीवच आहे. ती भरून काढावयास फार मोठा खर्च नाही. एक वही, एक लेखणी आणि वृद्धांपाशी बसावयास दोन घटका पुरेत.